तुर्की हमाममध्ये परक्या माणसाकडून आंघोळ करून घेणं किळसवाणं वाटत नाही का? आणि सगळे कपडे काढावे लागतात का?

किळस? माझ्या मोठ्या जाऊबाईंनी हाच शब्द वापरला होता, म्हणून लिहायला बसले.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोन जोडपी इस्तंबूलला गेलो होतो. मला चेंबरलिताश हमाम बघायचाच होता. १५८४चा, सुलतान तिसऱ्या मुरादच्या आईनं, नूरबानू सुलतानानं बांधायला घेतलेला. जाऊबाई म्हणाल्या, "शी! परकी बाई अंग चोळणार? त्यापेक्षा हॉटेलात एवढा मोठा टब आहे." त्या टबात बसल्या, मी एकटी गेले.

आत घुमटाला गोल गोल भोकं, त्यांना काचा. तिकडे त्यांना हत्तीचे डोळे म्हणतात. मधोमध संगमरवरी ओटा, गोबेकताशी, म्हणजे बेंबीचा दगड. भट्टीची धग फरशीखालच्या पोकळीतून फिरते, म्हणून तो तापतो. ही युक्ती रोमनांच्या काळापासून चालत आलेली. त्यावर घाम फुटेपर्यंत निवांत पडून राहायचं.

मग माझी नातिर आली. (अंग चोळून आंघोळ घालणारी बायकांकडे नातिर, पुरुषांकडे तेल्लाक.) साठीची, दणकट, माझी भाषा तिला नाही, तिची मला नाही. हातात केसे, म्हणजे खरखरीत पिशवीसारखा मोजा. दंडावरून चार-पाचदा खसाखसा फिरवला, माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "बाक!" म्हणजे बघ. मोज्यावर करड्या शेवया! रोज दोनदा आंघोळ करणारी मी, मेल्याहून मेल्यासारखी झाले. लहानपणी आई वजरीनं टाचा घासायची तेव्हाही एवढा मळ निघाला नव्हता. नंतर साबणाच्या पाण्यात बुडवलेली कापडी पिशवी तिनं हवा भरून फुगवली, पिळली, आणि फेसाचा ढीग अंगावर घातला.

आता मुद्द्याचं. भिंतीलगत कुर्ना असतात, म्हणजे दगडी घंगाळंच. त्यांना बूच नसतं. वरून नळ चालू, भरलं की पाणी काठावरून वाहून जातं. तासनं, म्हणजे वाटीसारख्या तांब्यानं, पाणी घ्यायचं आणि अंगावर ओतायचं. कुर्नात पाय घालायचा नाही, साबणाचा थेंबही पडू द्यायचा नाही. साचलेल्या पाण्यात बसून अंग धुणं त्यांना अस्वच्छ वाटतं. बंब, घंगाळ, तांब्या यांत वाढलेल्या आपल्याला हे कळायला काय अवघड आहे? किळस यायचीच तर टबाची यावी.

आणि हमाम म्हणजे नुसती आंघोळ नव्हे. लग्नाआधी नवरीचा गेलिन हमाम, बाळंतिणीला चाळिसाव्या दिवशीचा. बायका डबे घेऊन दिवसभर बसायच्या, मुलांच्या आया तिथेच सुना हेरायच्या. आपल्या हळदीकुंकवात दुसरं काय चालायचं? इस्तंबूलचाच जाआलोलू हमाम तर १७४१मध्ये तिथल्या आयासोफिया मशिदीतल्या ग्रंथालयाला उत्पन्न मिळावं म्हणून बांधला.

कपड्यांचं राहिलंच. पेश्तेमाल नावाचा पंचा देतात. पुरुष तो कमरेचा सोडत नाहीत. बायकांत जरा मोकळेपणा असतो, पण बहुतेक जणी खालचा अंतर्वस्त्राचा कपडा ठेवतात, मीही ठेवला. जुन्या हमामात बायकांचा भाग वेगळा, नाहीतर वेळा वेगळ्या. पर्यटकांसाठीच्या काही ठिकाणी मात्र सगळे एकत्र आणि चोळायला पुरुष असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. बक्षिशीचे सुटे पैसे ठेवा. हो, आणि बीपी, हृदयाचा त्रास किंवा दिवस गेलेले असतील तर जाऊ नका. आदल्या दिवशी वॅक्सिंग तर अजिबात नको, मी केलं होतं.

परत आल्यावर जेवायला हाक मारायला जाऊबाईंच्या खोलीत गेले. हात धुवायला बाथरूममध्ये शिरले, तर टबाला पाण्याच्या उंचीवर सगळीकडून करडी रेघ. आजही दिवाळीला सगळ्यांसमोर "हिनं परक्या बाईकडून आंघोळ करून घेतली" असं सांगतात. त्या रेघेबद्दल मी अजून घरात बोललेले नाही.