नाव कोणाचं ते आधी कागदावर आण

अरे, फोंड्यात भजनी स्पर्धा सुरू करताय ते छानच, पण नाव मंडळाचं आहे, कोणा एकाचं नाही, हे पहिल्याच मीटिंगच्या इतिवृत्तात लिही आणि सगळ्यांच्या सह्या घे. आम्ही नाही घेतल्या. आमच्या नाट्यमहोत्सवाचं नाव आमच्यातल्याच एकाने स्वतःच्या नावावर ट्रेडमार्कला टाकलं, कळलं तेव्हा चतुर्थी तोंडावर आणि बॅनर छापून आलेले. तो माणूस रात्र रात्र राबलेला होता, म्हणून तर जास्त लागलं रे.

वाचवलं ते खजिनदाराच्या पेटीतल्या जुन्या पावत्यांनी, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नाव न् तारीख स्वच्छ. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम ३४ आहे, आधीपासून नाव वापरणाऱ्याला ते सांभाळून घेतं, फक्त वापर दाखवता यायला हवा. आणि कोणी नावासाठी केलेला अर्ज ट्रेडमार्क ऑफिसच्या जर्नलमध्ये छापून आला की हरकतीला ४ महिनेच, त्यामुळे जर्नल बघत जा.

मंडळ सोसायटी म्हणून रजिस्टर करा, मग ट्रेडमार्कचा अर्ज तिच्याच नावाने, क्लास ४१ मध्ये, म्हणजे मनोरंजन-सांस्कृतिक कार्यक्रमांच्या वर्गात; गोव्याचं काम मुंबईच्या ट्रेडमार्क ऑफिसकडे जातं. नोंदणी १० वर्षं टिकते, मग रिन्यू. फेसबुक पेजला दोन-तीन अ‍ॅडमिन ठेव आणि यंदाचं पहिलं हँडबिल आत्ताच फाईलला लाव.