भीती कुठे गळाली, ते लिही

चि. …,

त्या भयकथासंग्रहाचं तुझं परीक्षण वाचलं. 'एकाही कथेची भीती वाटली नाही' हे एकच म्हणणं तीन वेगवेगळ्या शब्दांत आलंय. खरं आहे ते. संग्रह मीही वाचला आणि त्या रात्री मला छान झोप लागली. पण वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग? घाबरणं ज्याच्या त्याच्या काळजावर असतं. परीक्षण लिहिणाऱ्याने भीती कुठल्या पानावर गळाली ते दाखवायचं. तेव्हा पेन्सिल घे आणि पुस्तक पुन्हा वाच. (हो, पुन्हा. वाईट पुस्तक दोनदा वाचायची तयारी नसेल तर या भानगडीत पडू नये.)

पाचवी कथा घे, वॉचमनची. कुलूपबंद फ्लॅटमध्ये आलेल्या पाहुण्याची नोंद रोज रात्री रजिस्टरमध्ये सापडते. येण्याची वेळ लिहिलेली, जाण्याचा रकाना कोरा. आधी त्याला वाटतं, दिवसपाळीवाल्याने काहीतरी खरडलं असेल. मग अक्षर ओळखीचं वाटायला लागतं. मग कळतं, ते आपलंच आहे. इथवर लेखकाने एक विशेषण वाया घालवलेलं नाही. ना 'भेसूर', ना 'अमानवी'. आणि पुढचं दीड पान? सोसायटीचा सेक्रेटरी चहा पिता पिता सगळं सांगून टाकतो: खून कोणाचा झाला, कोणी केला, आत्म्याला काय हवंय. कोरा रकाना भरला आणि कथा मेली. तुझ्या परीक्षणात या कथेला अर्धी ओळ मिळाली आहे. निम्मं परीक्षण तिच्यावर हवं, कारण या लेखकाला काय येतं आणि त्याला स्वतःवर किती कमी भरवसा आहे, हे दोन्ही तिथेच दिसतं.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'द मंकीज पॉ' ही इंग्रजी भयकथा १९०२ सालची; त्यातला माकडाचा पंजा तीन इच्छा पुरवतो. मेलेला मुलगा परत यावा असं आईने बापाला मागायला लावलंय, रात्री दारावर थाप पडते, ती कडी काढायला धावते आणि बाप घाईघाईने शेवटची इच्छा मागून मोकळा होतो. दार उघडतं तर रस्ता रिकामा. दाराबाहेर काय उभं होतं हे जेकब्स दाखवत नाही. आपल्या लेखकाने तिथे सेक्रेटरी उभा केला असता.

दुसरी गोष्ट. अकरापैकी सहा कथांत शेवटच्या ओळीत कळतं की ज्याच्याशी इतका वेळ बोलणं चाललं होतं तो कधीच वारलाय. दिवाळी अंकात अशी एखादी खपून जाते; मागेपुढे कविता, प्रवासवर्णन, राशिभविष्य असतं. संग्रहात मात्र तिसऱ्या कथेपासून वाचक प्रत्येक नव्या पात्राकडे 'हा मेलेला दिसतोय' म्हणूनच बघतो. यात लेखकाइतकाच दोष संपादनाचा आहे, तसं स्पष्ट लिही. वीज जाणं आणि मोबाइलची रेंज जाणं यावर एक ओळ पुरे.

वेताळाची कथा तू हसण्यावारी नेलीस, पण तिथे थांबायला हवं होतं. त्यातला वेताळ किंचाळतो आणि रक्त पितो. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा, म्हणजे वेताळच, ग्रामदैवत आहे. लोक त्याला भल्या मोठ्या चामडी वहाणा वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून वहाणांचे तळवे झिजतात, अशी श्रद्धा आहे. झिजलेल्या तळव्यात जी कथा आहे ती अख्ख्या किंकाळीत नाही. लेखकाने नाव कोकणातून घेतलं आणि अंगावर कपडे सिनेमातले चढवले. मुंजा, हडळ, चकवा, प्रत्येकाचे आपापले कायदे असतात. ते मोडायचे असतील तर आधी माहीत हवेत.

आणि 'धारप-मतकरींची सर नाही' हे वाक्य काढ. सगळेच लिहितात. तुलना करायचीच असेल तर नेमकी कर. नारायण धारपांचा निवेदक बहुधा शांत, हिशेबी, भुताखेतांवर सहजी विश्वास न ठेवणारा; त्याचा तोल जायला लागला की आपलाही जातो. रत्नाकर मतकरींना तर पुष्कळदा भूत लागतच नाही, घरातल्या माणसाच्या मनातलं विष पुरतं. या संग्रहातले निवेदक पहिल्याच परिच्छेदात थरथरत असतात. पुढे ते घाबरले काय नि न घाबरले काय.

लेखकाचं पहिलं पुस्तक आहे म्हणून गुळगुळीत लिहू नकोस. पण 'पैसे वाया गेले' हेही नको. किंमत मागच्या पानावर छापलेली आहे, वाचक हिशेब करेल. वॉचमनच्या कथेचा शेवट फोडू नकोस, कुठे थांबायला हवं होतं तेवढं सांग. नवा खर्डा रविवारपर्यंत पाठव. मुखपृष्ठावरच्या कवटीबद्दल तू जे लिहिलंयस ते मात्र तसंच राहू दे, मला आवडलं.

तुझा,
काका