एक चेंडू, दोन रनिंग बॅक
(वाचक विचारतात : परदेशी मैदाने)

प्रश्न : रविवारी रात्री साडेदहाला एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा) सामना लावायची सवय लागली आहे. 2023 च्या हंगामात डेट्रॉइट लायन्सचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा गडी) जमीर गिब्स याने चेंडू घेऊन दोन झकास दौडी मारल्या की त्याला बाहेर बोलावून डेव्हिड माँटगोमरीला आणायचे. रंगात आलेल्या खेळाडूला काढण्यात कसले शहाणपण?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : 2023 च्या हंगामात माँटगोमरीने 219 कॅरींत (चेंडू घेऊन केलेल्या दौडींत) 1,015 यार्ड काढले, गिब्सने 182 कॅरींत 945. म्हणजे एकाची सरासरी 4.6, दुसऱ्याची 5.2. यावरून ‘सगळे चेंडू गिब्सलाच द्या’ असे वाटणे साहजिक आहे. पण सरासरी कुठल्या प्रसंगी चेंडू मिळाला त्यावरही ठरते. एक यार्ड हवा असताना, समोर आठ-नऊ जण दाटीने उभे असताना गर्दीत घुसून दीड यार्ड काढणारा आपले काम चोख करतो. सरासरी मात्र घसरते. माँटगोमरीचे त्या वर्षीचे 13 टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणे) त्या हिशेबात धरा.

दुसरे कारण अंगमेहनतीचे. कबड्डीत पकड झाली की चढाईपटू बाहेर जातो, संघाने समोरचा गडी बाद करेपर्यंत थांबतो. इथे दोन-तीन जणांनी आपटलेला माणूस उठून पुढच्याच डावाला (प्लेला) उभा राहतो, आणि चेंडू दुसऱ्याकडे असला तरी त्याला कुणाला तरी अंगावर घ्यावेच लागते. तरी पुणेकरांना ही वाटणी नवी नसावी. पुणेरी पलटणने 2024 मध्ये प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि पंकज मोहिते यांच्यात चढाया वाटलेल्याच होत्या.

प्रश्न : ही अदलाबदल नेमकी कोण ठरवतो? काही सूत्र असते का?
– एक वाचक, सातारा रस्ता

उत्तर : डाव कुठला टाकायचा ते प्ले-कॉलर सांगतो, माणूस कोण, हे बहुतेक संघांत रनिंग बॅकचा प्रशिक्षक बाजूरेषेवरून पाहतो. दमलेला खेळाडू स्वतःच हेल्मेटवर हात आपटून ‘मला काढा’ म्हणतो. सामन्यात एका संघाचे साधारण 60 ते 65 डाव होतात, त्यांतले 25 च्या आसपास धावेचे. ‘तुला बारा, मला बारा’ अशी भावकीतली वाटणी कामाची नाही. आमच्या मते ड्राइव्हप्रमाणे (चेंडू आपल्याकडे असेपर्यंतच्या सलग डावांप्रमाणे) वाटणे सर्वांत बरे : पहिल्या दोन ड्राइव्ह एकाच्या, तिसरी दुसऱ्याची, आणि तिसरा डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) व गोलरेषेजवळचे डाव वेगळे राखून ठेवायचे. दर डावाला माणूस बदलला तर आक्रमणाची गती मरते, कारण एरवी आक्रमणाने बदल केला की बचावालाही माणसे बदलता यावीत म्हणून पंच चेंडू अडवून धरतात.

तिसऱ्या डाउनला आठ-दहा यार्ड हवे असतील तर प्रश्न धावेचा राहतच नाही. क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्या गड्यावर) धावून येणाऱ्याला अडवणे हे रनिंग बॅकचे काम होते. तो आधी आतली बाजू पाहतो, मग बाहेरची. आतून येणाऱ्याला क्वार्टरबॅकपर्यंतचे अंतर सर्वांत कमी असते. नवखा खेळाडू इथेच चुकतो, म्हणून कितीही चपळ असला तरी त्याला सुरुवातीला तिसऱ्या डाउनला उभे करत नाहीत.

आता बिघडते कुठे? सर्वांत आधी, गुपित फुटते. एक गडी आला की पास आणि दुसरा आला की धाव, असे झाले तर बचावाला डाव वाचायची गरजच उरत नाही. म्हणून चांगले संघ स्वतःच्याच चित्रफिती मोजतात : अमुक गडी मैदानात असताना दहा डावांत पास किती? आठ निघाले, तर पुढच्या सामन्यात त्याच्याकडूनच धाव काढून घेतात आणि दुसऱ्याकडे पास फेकतात.

दुसरी गडबड चेंडू हाती देताना होते. धावणाऱ्याने क्वार्टरबॅकच्या बाजूचे कोपर वर ठेवून पोटाशी दोन्ही हातांची ओंजळ आडवी करायची असते. प्रत्येकाचा वेग निराळा, त्यामुळे तो क्षण अर्ध्या पावलाने मागेपुढे होतो आणि चेंडू निसटतो. त्यावर औषध एकच, सराव. रविवारच्या सामन्यासाठी बुधवार ते शुक्रवारची सत्रे असतात. त्यांत दुसऱ्या गड्याला पहिल्या फळीतल्या क्वार्टरबॅकबरोबर उभे केले नसेल, तर रविवारी तक्रार करून उपयोग नाही.

प्रश्न : हंगामात 370 कॅरी झाल्या की पुढच्या वर्षी रनिंग बॅक मोडतो, हे खरे का?
– एक वाचक, निगडी

उत्तर : उदाहरणे तर ठळक आहेत. कॅन्सस सिटीच्या लॅरी जॉन्सनने 2006 मध्ये 416 कॅरी केल्या, हा विक्रम आहे. पुढच्या वर्षी पायाच्या दुखापतीने त्याचा हंगाम आठ सामन्यांत आटोपला. डॅलसच्या डीमार्को मरेने 2014 मध्ये 392 कॅरींत 1,845 यार्ड काढले. 2015 मध्ये फिलाडेल्फियाकडून 193 कॅरी, सरासरी 3.6. पण 370 या आकड्यात जादू नाही. इतक्या कॅरी त्यालाच मिळतात जो वर्षभर धडधाकट राहिला आणि फॉर्मात होता. तसे दुसरे वर्ष लागोपाठ लाभणे मुळातच दुर्मीळ, त्यामुळे थोडी घसरण तशीही दिसतेच. शिवाय मरेने तर संघही बदलला होता. झीज खरी आहे. 369 ला ठीक आणि 370 ला धोका, हे मात्र खोटे.

प्रश्न : आम्ही पाच-पाच जणांचे फ्लॅग फुटबॉल (गड्याला आपटण्याऐवजी त्याच्या कमरेची पट्टी ओढायची, तो प्रकार) खेळतो. दोघांना चेंडू कसा वाटावा?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : तुमच्या खेळात अडवाअडवी नाही, त्यामुळे दांडगा गडी वेगळा राखायचे कारण नाही. मध्यरेषेच्या आणि गोलरेषेच्या आधीच्या पाच यार्डांत धावायला बंदी असते. तिथे जो चांगला झेलतो तोच हवा. बाकी जागी दोघांनाही एकाच वेळी उभे करा, एकाला चेंडू दिल्याची हुलकावणी, दुसऱ्याला खरा चेंडू. कमरेचे फ्लॅग तेवढे शर्टाखाली जाऊ देऊ नका, दंड बसतो.