बॅले की फुटबॉल, आणि आईबापांनी कुठं थांबायचं

टिळकवाडीच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी १० वर्षांची, पाचवीत. मिस्टरांची बदली पुण्यात होती तेव्हा तिथं दोन वर्षं बॅले शिकली, आता बेळगावला परत आल्यावर रविवारी पुण्याच्या मॅडमकडं ऑनलाईन क्लास आणि आठवड्यातून एकदा इथल्याच एका डान्स क्लासात बॅले. तेवढ्यात शाळेच्या पीटी सरांनी तिला फुटबॉल टीममध्ये घेतलं, तालुक्याला खेळून आली, दोन गोल मारले. मिस्टर म्हणतात खेळ धर, निदान सर्टिफिकेट मिळेल. सासूबाई म्हणतात नाचच करायचा तर भरतनाट्यम कर. आणि ताईंचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत होता, की "मी नक्की किती लक्ष घालायचं? ग्राउंडवर गेले तर सर ओरडू देतात, इथल्या बॅलेच्या मॅडम मात्र दाराच्या आतसुद्धा घेत नाहीत."

ताई, आधी निवडीचं बोलू, ते पटकन संपतं. दहाव्या वर्षी निवडायचंच कशाला, दोन्ही चालू राहू दे की. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ सालीच सांगून ठेवलंय की बहुतेक खेळांत १५-१६ वयापर्यंत पोराला एकाच खेळाला जुंपू नका आणि आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या. फुटबॉलमध्ये हे चालून जातं, बॅले मात्र इतकी वाट बघत नाही, लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला पूर्णवेळ शिक्षण ११व्या वर्षी सुरू होतं आणि स्वित्झर्लंडात लोझानला बॅलेची जी मोठी स्पर्धा असते ती १५ ते १८ वयाच्या पोरांची, म्हणजे तोपर्यंत अंग तयार झालेलं पाहिजे. आता तुम्ही म्हणाल नवी मुंबईचा अमीरुद्दीन शाह, वेल्डरचा पोरगा, उशिरा सुरू करून २०१७ ला त्याच रॉयल बॅले स्कूलमध्ये गेलाच की. गेला, पण त्याला मुंबईत रोज शिकवणारे कसलेले गुरू मिळाले होते, आणि बॅलेत मुलं कमी मुली जास्त, त्यामुळं मुलींची रांग फार लांब असते. बेळगावात बसून रविवारच्या ऑनलाईन क्लासवर ते करिअर होणार नाही, हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. आवड म्हणून मात्र जरूर ठेवा, तोल, पाठीचा कणा, संगीताचा कान हे सगळं मिळतं आणि ते पुढं कुठंही कामाला येतं. आपल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव ज्युदो खेळत होती आणि २०१८ च्या जकार्ता एशियाडला ब्राँझ आणलं ते कुराशमध्ये, म्हणजे उझबेकिस्तानकडच्या कुस्तीत. एका ठिकाणी कमावलेलं अंग दुसऱ्या ठिकाणी असं उपयोगी पडतं.

मिस्टरांच्या सर्टिफिकेटबद्दल एवढंच, रेल्वेत, पोलिसात खेळाडूंची भरती होते हे खरं, बॅलेला तसलं काही नाही हेही खरं, पण त्याला वरच्या पातळीचा खेळ लागतो, तालुक्याचं सर्टिफिकेट फाईलीत प्लास्टिकच्या कव्हरात झोपून राहतं. सासूबाईंचंही चुकत नाही, भरतनाट्यमच्या ज्युनिअर, सीनियर, विद्वत अशा परीक्षा आपल्या कर्नाटकात होतात आणि शिकवणारेही जवळ मिळतात, पण पोरगीला आवडलंय बॅले, आणि आवड बदलून दुसरी बसवता येत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. मी माझ्याच घरचं सांगतो. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना फुटबॉल खेळायचा आणि मी लाईनीबाहेर उभा राहून "अरे पास दे की, पास दे!" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचो, मला वाटायचं मी प्रोत्साहन देतोय, आणि एक दिवस गाडीवरनं घरी येताना तो मागनं हळूच म्हणाला, पप्पा पुढच्या मॅचला तुम्ही नाही आला तर चालेल. कोच एक सांगतोय, बाप दुसरंच सांगतोय, बॉल पायात, पोरानं ऐकायचं कुणाचं? ग्राउंडवर सगळं उघड असतं, स्कोअर दिसतो, कोण बेंचवर बसलंय दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं आपल्याला सगळं कळतं. तिथं आईबापांनी पाण्याची बाटली भरावी, टाळ्या दोन्ही टीमला वाजवाव्यात आणि तोंड बंद ठेवावं. घरी आल्यावरसुद्धा जेवण होईस्तोवर मॅचचा विषय नको.

बॅले क्लासचं गणित उलटं आहे. तिथं दार बंद, वर्षातनं एकदोनदा आईबापांना बघायला बोलावतात, एरवी आईचं काम म्हणजे केसांचा घट्ट अंबाडा, बुटाला इलास्टिक शिवणं आणि गॅदरिंगला फराळाचं बघणं. दार बंद असण्यात वाईट काही नाही बरं का, आपल्याकडं तालमीत तेच चालतं, बाप पोराला दूध-बदाम पोचवतो आणि वस्तादांच्या हवाली करून जातो, हौद्याच्या कडेला उभं राहून डाव सांगत नाही. पण तालमीत काय होतं ते गावाला माहीत असतं, तिथं माती मऊ असते, बापानं स्वतः लंगोट बांधलेला असतो. बॅलेचं आपल्यापैकी कुणालाच काही माहीत नसतं, त्यात प्लिए, तांद्यू अशी सगळी फ्रेंच नावं (आपली पोरं मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्ही खाऊन बसलीत, त्यांना चौथी जड नाही, जड आपल्याला जातं), म्हणून आपण गप्प बसतो, आणि नेमकं तिथंच विचारायला पाहिजे.

काय विचारायचं? आधी फरशी बघा. बॅलेला खाली जरा दबणारी लाकडी जमीन लागते, सिमेंटवर टाईल लावलेल्या हॉलात आठवडाभर उड्या मारल्या तर नडगी आणि घोटा बोलणारच. मग पाय बाहेर वळवणं, ते मांडीच्या खुब्यातनं व्हायला पाहिजे, गुडघा पिळून पाऊल जबरदस्तीनं वळवत असतील तर थांबवा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते टोकाचे बूट, पायाच्या बोटांच्या शेंड्यावर उभं राहायचे. साधारण ११-१२ च्या आधी नाही, आणि तेव्हासुद्धा घोट्यात, पोटात ताकद आली असेल तरच, नुसतं वय झालं म्हणून नाही. गॅदरिंगमध्ये फोटो छान येतो म्हणून दहा वर्षांच्या पोरीला ते घालायला लावलं तर तो क्लास तुमचा नाही. तुमच्या पत्रात "ह्या वर्षी मोठे बूट घ्यायला सांगितलेत" असं एक वाक्य होतं, मोठे म्हणजे हेच टोकाचे असणार, मी ते दोनदा वाचलं. घेऊ नका. आधी पुण्याच्या मॅडमना व्हिडिओ पाठवून विचारा.

खाण्यावरही लक्ष ठेवा, ह्यात मात्र दोन्हीकडं सारखंच. कुणी पोरीला "पोट दिसतंय" म्हटलं, मग ती बॅलेची टीचर असो की खेळाचा कोच, तर त्याच दिवशी जाऊन बोला. वाढत्या वयात कमी खाऊन जास्त मेहनत केली की हाडं कमजोर होतात, पुढं पाळीसुद्धा अडते. भाकरी-भाजी, अंडं चालत असेल तर अंडं, पोटभर.

वेळेचा एक ढोबळ हिशोब लोक वापरतात तो वापरा, आठवड्याचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, म्हणजे तिचे दोन्ही मिळून दहा. रविवारचा ऑनलाईन क्लास शनिवारी घेता येतो का बघा, म्हणजे रविवार मोकळा राहील, आजीकडं जायला.

आणि त्या क्लासच्या फरशीचा एक फोटो मला पाठवा, वरनं नको, कडेचा, जिथं फळी आणि भिंत भेटते तिथला.