पावसाळ्यात कोकणची गाडी एवढी हळू का?

प्रश्न: जून आला की कोकण रेल्वेचं टाइमटेबल बदलतं, गाडी जास्त वेळ घेते, मधेच कुठल्यातरी स्टेशनात उभी करून ठेवतात. रूळ खराब आहेत का? आई-बाबा सत्तरीचे आहेत, गणपतीला दोघंच सावंतवाडीला जाणारेत. पाठवू ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: पाठवा की! रूळ चांगले आहेत हो, भीती आहे ती बाजूच्या डोंगराची. रेल्वेसाठी डोंगर कापलेत, लाल माती पाणी पिऊन जड होते आणि कधीकधी पाऊस थांबल्यावरसुद्धा दरड खाली येते. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ अशाच दरडीमुळे हॉलिडे स्पेशल घसरली, पन्नासहून जास्त माणसं गेली. वर्षही झालं नाही तोच १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावरच्या दगडाला धडकली. हे विसरून गाडी लेट झाली म्हणून ओरडणं मला पटत नाही.

वेग दीडपट झाला की थांबायला अंतर दुपटीहून जास्त लागतं, म्हणून वीर ते कणकवली पट्ट्यात पावसाळ्यात ताशी ७५ च्या आसपासच चालवतात, आणि मुसळधार पावसात पुढचं दिसेना झालं तर ४०. शिवाय रात्रभर गस्तवाले कंदील, झेंडे आणि डेटोनेटर (रुळावर लावायचे फटाके) घेऊन रुळावरून चालत असतात. दगड दिसला की तो माणूस भर पावसात गाडीच्या दिशेने पळत जातो, दगडापासून ६०० मीटरवर एक डेटोनेटर रुळावर बांधतो, १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन, चाक वर आलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. ही माणसं आहेत म्हणून आपण बर्थवर झोपतो, खरंच.

पुलांचं वेगळं. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच, तिथे वारा मोजायचं यंत्र आहे, आणि सावित्री, वाशिष्ठीवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा. पातळी वाढली की गाडी स्टेशनातच थांबवतात, तुम्ही म्हणता तो मधला खोळंबा हाच. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीला बोगद्याच्या तोंडाशी दरड आली तेव्हा तर जवळपास दिवसभर गाड्या बंद होत्या.

आई-बाबांना औषधं, पाणी आणि एका जेवणाचा डबा जास्तीचा द्या, पॉवर बँक पण. निघायच्या आधी १३९ वर गाडीची चौकशी करा. आणि मधे कुठे गाडी थांबली तर कितीही वेळ होऊ दे, खाली उतरायचं नाही हे त्यांना नीट सांगून ठेवा.