जीव आला कुठून? आजीचं खरं की सायन्सच्या बाईंचं?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. सायन्सच्या बाईंनी वर्गात सांगितलं की पहिला जीव पाण्यात रसायनं एकत्र येऊन तयार झाला, आणि घरी आजी सांगते ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली. आता पोरगी मला विचारते, आई, खरं कोणाचं? मी बीएस्सी झालेय आणि रोज देवपूजाही करते. तिला काय सांगू? (एक आई, सांगली)

उत्तर : ताई, तुमचं पत्र आल्यापासून डोक्यातून जात नाहीये, कारण हाच प्रश्न मी लहानपणी आमच्या आजीला विचारला होता आणि ती म्हणाली होती, "मला जे सांगितलं ते मी तुला सांगते, पुढचं तू शोध."

आधी बाईंचं बघू, त्यात पक्कं किती आणि कच्चं किती. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं, हे पक्कं. पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारा म्हणून भाग आहे, तिथल्या जवळपास ३५० कोटी वर्षं जुन्या खडकांत सूक्ष्मजीवांनी एकावर एक रचलेल्या थरांच्या खुणा सापडल्यात, म्हणजे तोवर जीव आलेला होता हेही बऱ्यापैकी पक्कं. आणि तुम्ही, मी, दारातली तुळस, दह्यातले बॅक्टेरिया, सगळ्यांच्या पेशीत डीएनएची जवळजवळ एकच लिपी चालते, म्हणून सगळ्यांचं मूळ एक हे पण पक्कं.

कच्चं आहे ते त्याच्या आधीचं. १९५२ मध्ये शिकागो युनिव्हर्सिटीत स्टॅन्ली मिलर नावाच्या विद्यार्थ्याने, त्याचे गाईड हॅरॉल्ड युरी यांच्या हाताखाली, काचेची बंद नळकांडी जोडली, एका चंबूत पाणी उकळत ठेवलं, वरच्या चंबूत पृथ्वीची सुरुवातीची हवा म्हणून मिथेन, अमोनिया, हायड्रोजन भरला आणि विजेच्या ठिणग्या पाडत राहिला. दुसऱ्या दिवशी पाणी गुलाबी दिसायला लागलं आणि आठवड्याने गडद लाल, गढूळ झालं, त्यात अमिनो आम्लं सापडली, म्हणजे ज्यांच्यापासून प्रोटीन बनतं ती. मला अजूनही हे वाचताना अंगावर काटा येतो. पण रवा, साखर, तूप ओट्यावर काढून ठेवलं म्हणजे शिरा झाला असं होत नाही ना, तसंच आहे हे, आणि शिवाय तेव्हाची हवा मिलरने धरली तशी नसावी असं आता बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे. पुढे थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवलं की आरएनए (डीएनएसारखाच, पेशीत डीएनएचा निरोप पोचवणारा रेणू) नुसता निरोप्या नाही, तो स्वतः रासायनिक क्रियाही घडवतो (१९८९ चं नोबेल या शोधालाच मिळालं), त्यामुळे आधी आरएनए आला असावा असं पुष्कळ जण मानतात. समुद्रतळाच्या गरम झऱ्यांपाशी सुरुवात झाली की जमिनीवरच्या डबक्यांत, यावर मात्र अजून जोरात वाद आहे. म्हणजे शिरा कसा झाला हे कुणालाच पूर्ण माहीत नाही, आणि ते बाईंनी वर्गात मोकळेपणाने सांगायला हवं असं मला वाटतं.

आता आजीचं. ब्रह्मदेवाची गोष्ट आपल्याकडची आहेच पण ती एकटी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नासदीय सूक्त आहे, फक्त सात ऋचा. त्यात ऋषी म्हणतो की देव सुद्धा या सृष्टीच्या नंतरचे, मग ही कुठून आली हे कोण सांगणार? आणि शेवटी म्हणतो, परम आकाशात जो हिचा अध्यक्ष आहे त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. तैत्तिरीय उपनिषदात आकाश, वायू, अग्नी, पाणी, पृथ्वी, मग वनस्पती, अन्न आणि मग माणूस असा क्रम आहे. जैन धर्मात तर निर्माता मानतच नाहीत, विश्व अनादि आहे. जग शाश्वत आहे का असं विचारल्यावर बुद्धांनी उत्तर द्यायचं नाकारलं. बायबलमध्ये सहा दिवसांची निर्मिती आहे, कुराणात प्रत्येक सजीव पाण्यापासून केला असं म्हटलंय.

माझं मत विचाराल तर मुलीला सरळ सांगा की कधी आणि कसा हा प्रश्न असेल तर बाईंच्या बाजूने जा, कारण तिथे चूक निघाली तर ती सुधारता येते. आजीच्या गोष्टीतून आजी तुळशीला पाणी घालताना हात का जोडते ते कळेल, तेही कळायला हवंच. आणि ते सूक्त तिला अर्थासकट वाचून दाखवा, आठवीच्या पोरीला नक्की कळतं.

प्रश्न : लुई पाश्चरने सिद्ध केलं की निर्जीवातून सजीव होत नाही. मग पहिला जीव रसायनांतून आला हे खोटंच ना? (एक वाचक, अकोला)

उत्तर : दादा, हा प्रश्न फार चांगला आहे. आपल्या घरात तांदळाच्या डब्यात बारीक काळे सोंडवाले किडे होतात, डबा घट्ट बंद असतो तरी होतात, म्हणून जुनी माणसं म्हणायची की ते आपोआप पडतात. ऐतरेय उपनिषदात जिवांचे प्रकार सांगितलेत त्यात अंडज, जारुज, उद्भिज्ज यांच्यासोबत स्वेदज आहे, म्हणजे घामातून, उबेतून जन्मणारे. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला तसंच वाटणार. पण ती मादी तांदळाच्या दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून आपल्या चिकट स्रावाने ते भोक बुजवून टाकते, अळी आतच वाढते, म्हणून आपल्याला बाहेर आलेला किडाच दिसतो. अगदी हीच फसगत युरोपात मांसावरच्या अळ्यांची झाली होती, १६६८ मध्ये फ्रान्सेस्को रेडीने मांसावर कापड बांधून दाखवलं की माशी बसली नाही तर अळ्या होत नाहीत. मग १८६० च्या आसपास पाश्चरने बाकदार मानेच्या चंबूत रस्सा उकळून ठेवला, धूळ आत गेली नाही तर तो नासत नाही हे दाखवलं.

म्हणजे पाश्चरने सिद्ध केलं ते आजच्या जगाबद्दल, उकळलेल्या रश्श्याबद्दल. ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या हवेत, खायला टपलेले दुसरे जीव नसताना, कोट्यवधी वर्षांत काय होईल हा प्रश्न त्याने तपासलाच नव्हता. डार्विनने १८७१ मध्ये मित्राला पत्र लिहिलं, त्यात जीव कोमट छोट्या डबक्यात सुरू झाला असावा ही कल्पना मांडून तो म्हणतो की आज असं काही तयार झालंच तर लगेच खाल्लं जाईल.

प्रश्न : दशावतार म्हणजेच उत्क्रांती ना? (एक आजोबा, चिपळूण)

उत्तर : काका, मत्स्य, कूर्म, वराह इथवर छान जुळतं, पण पुढे वामन, परशुराम, राम, कृष्ण सगळी माणसंच आहेत, आणि माशाचं कासव आणि कासवाचं डुक्कर असं उत्क्रांतीत घडलेलंही नाही. अवतार झाले ते धर्म राखायला, ते तसेच ठेवावेत. असं ओढून ताणून जुळवलं की मला दोन्हीकडचं वाईट वाटतं.

प्रश्न : हे सगळं पाश्चात्त्यांचं आहे, आपला काय संबंध? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : पहिला जीव समुद्रातल्या रसायनांच्या कोमट रश्श्यातून आला ही कल्पना रशियात ओपारिनने १९२४ मध्ये आणि स्वतंत्रपणे इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हाल्डेनने १९२९ मध्ये मांडली. हाच हाल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आला, भारताचा नागरिक झाला, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाड्याच्या मेडिकल कॉलेजला दिला. आता सांग संबंध नाही म्हणून.

प्रश्न : लोणारला उल्का पडली तसा जीव आकाशातून आला असेल का? (एक वाचक, मेहकर)

उत्तर : लोणारचं विवर साधारण पावणेसहा लाख वर्षांचं, म्हणजे जिवाच्या मानाने कालचंच. पण कच्चा माल वरून आला असू शकतो. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत अमिनो आम्लं सापडली, आणि २०२३ मध्ये नासाच्या यानाने बेन्नू लघुग्रहावरून जी माती आणली तिच्यात, आपलं शरीर वापरतं त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं निघाली.

लोणारचं खरं महत्त्व मला पाण्यात वाटतं. लोणारसारख्या सोड्याच्या तळ्यांत फॉस्फेट साठून राहतं आणि डीएनए-आरएनएला ते लागतंच, म्हणून सुरुवात अशा तळ्यांत झाली असावी असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तर मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. मी विद्यार्थ्यांना घेऊन खाली उतरलो होतो तेव्हा ते पाणी बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागलं, पीएचचा कागद बुडवला तर निळा झाला, म्हणजे पाणी सोड्यासारखं अल्कधर्मी. लवणासुराला विष्णूने मारलं ती गोष्ट गावातल्या माणसाने तिथेच काठावर सांगितली, पोरं ओला कागद हातात धरून ऐकत होती, मग कमळजा देवीच्या देवळात नमस्कार करून वर आलो. सांगलीच्या ताई, जमलं तर लेकीला आणि सासूबाईंना दोघींनाही तिथे घेऊन जा, फक्त उतार बराच आहे, सासूबाईंना वर धार म्हणतात त्या झऱ्यापाशी बसवलं तरी चालेल, तिथलं पाणी गोडं आहे.