पाचव्या महिन्यात गर्भपात झाला, आता छाती दाटून आली आहे. काय करू?

१८ व्या आठवड्यात गर्भपात, आज चौथा दिवस, छाती दगडासारखी, सासूबाई शेकून पिळायला सांगताहेत, हे किती दिवस चालेल, असं तुम्ही विचारलंय. शेकू नका. पिळू नका. बाकीचं खाली येईलच, पण 'सासूबाई सांगताहेत' वाचून जे डोक्यात गेलं ते आधी लिहिते.

माझं विसाव्या आठवड्यातलं. स्कॅनमध्ये बाळाची दोन्ही मूत्रपिंडं दिसलीच नाहीत, गर्भजल जवळजवळ नव्हतंच. दुसरीकडे दाखवलं, तिथेही तेच. गोळ्या देऊन कळा आणल्या, सगळं रीतसर झालं. घरी सोडताना कागदावर लोहाच्या गोळ्या, अँटिबायोटिक, दुखल्यास घ्यायची गोळी आणि पुढची तारीख. दूध येईल, हे कुणी बोललंच नाही. माझं पहिलंच, मला कुठून माहीत असणार? एका पहाटे जाग आली तर गाऊनवर पुढे दोन ओले गोल. मला वाटलं ताप उतरून घाम आलाय.

तोवर घरात ठरलं होतं की ही काही बाळंतीण नाही. त्यामुळे आराम नको. 'ओट्याशी उभी राहा, मन रमेल.' आणि त्याच तोंडाने रोज सकाळी वाटीभर हळिवाची खीर, कंबर भरून यावी म्हणून! हळीव, शतावरी, बाळंतशोपा आपल्याकडे बाळंतिणीला कशासाठी देतात? दूध यावं म्हणूनच ना? हे मी बोलून दाखवलं तर नणंदबाई म्हणाल्या, "अगं, बाळच नाही तर दूध कसलं?" समोर माझा गाऊन भिजलेला.

मग मालिशवाल्या मावशींना बोलावलं. कोमट तेल, तव्यावर तापवलेली फडक्याची पुरचुंडी, आणि पिळून पिळून वाटीत काढलेलं दूध. तासभर हलकं वाटलं. संध्याकाळी पहिल्यापेक्षा जास्त ठणका, काखेपर्यंत गाठी. मावशी दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतात, "अजून आहे की!" असणारच. दूध बाळ पितंय की वाटीत जातंय, हे छातीला कळत नाही. रिकामी झाली की ती पुन्हा भरते.

शेवटी बहिणीने तिच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना फोन लावून दिला. त्यांनी समजावलं ते असं: साधारण सोळाव्या आठवड्यापासून स्तन दूध करायला तयार असतात. वार पोटात असेपर्यंत तिच्यातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दूध रोखून धरतं. वार पडली की तो अडसर निघतो आणि दोन ते चार दिवसांत दूध उतरतं. बाळ जगलं की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. ही दोन वाक्यं घरी सोडतानाच सांगायला काय जातं डॉक्टरांचं? माझा राग सासूबाईंपेक्षा त्या कागदावर जास्त आहे.

आता तुमचं. दिवसरात्र अंगाला नीट बसणारी, आधार देणारी ब्रा घाला, वायर नसलेली. ओढणीने करकचून बांधू नका, त्याने दुखणं वाढतं आणि नळ्या तुंबतात. बर्फ किंवा फ्रीजरमधली मटारची पिशवी पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, थोडं थांबून पुन्हा. फ्रीजमधली कोबीची पानं मला फार बरी वाटली. कोबीत औषध आहे असं मी मानत नाही, पण मधली जाड शीर लाटण्याने चेपली की पान छातीवर बरोबर बसतं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी तर १९८८ साली मोगऱ्याची फुलं छातीवर बांधून दूध आटवणाऱ्या ब्रोमोक्रिप्टिन या गोळीशी तुलना केली होती आणि दोन्हींनी दूध कमी झालं होतं. मी गजरा बांधला नाही, कोण बोलणी खाणार!

अंघोळीला पाठ नळाकडे करा, गरम पाणी थेट छातीवर नको. दुखायला पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन. पाणी कमी पिऊन दूध आटत नाही, उगाच तहानेने जीव काढू नका. अगदीच सहन होईना तर ताण कमी होईल इतकंच हाताने काढा, पूर्ण रिकामं नको. तिसरा ते पाचवा दिवस वाईट, पुढे आठवडा-दहा दिवसांत ठणका जातो. थेंब मात्र आणखी काही आठवडे येऊ शकतात.

दूध थांबवायला कॅबरगोलिन नावाची गोळी आहे. ती पहिल्याच दिवशी दिली तर सर्वांत चांगली, म्हणजे हॉस्पिटलातच कुणीतरी विषय काढायला हवा. तुमचे दिवस उलटले असले तरी विचारून बघा. पण रक्तदाब, हृदयाच्या झडपा किंवा मानसिक आजाराची हिस्टरी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मनाने घेऊ नका. ब्रोमोक्रिप्टिन लिहून दिली तर 'हीच का?' असं जरूर विचारा. झटके आणि पक्षाघाताच्या तक्रारींमुळे अमेरिकेत दूध आटवण्यासाठी तिचा वापर १९९० च्या दशकातच थांबवला गेला.

आणि नोकरी करत असाल तर रजा घ्या. आमच्या नणंदबाई एका कंपनीत एचआरमध्ये आहेत. त्यांनीच मला ऐकवलं होतं की बाळच नाही तर बाळंतपणाची रजा कसली, आजारपणाची टाक. साफ चूक. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच होती, कलम ९. त्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. तुमच्या ऑफिसला कायदा लागू होतो का ते बघा (फार छोट्या ठिकाणी होत नाही), हॉस्पिटलचा दाखला जोडा आणि अर्ज लेखीच द्या. तोंडी विचारलंत की माझ्यासारखं उत्तर मिळतं.

राहिलंच. आयब्युप्रोफेन अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर नको. १००.४ च्या वर ताप, स्तनावर लाल गरम चट्टा, पू, घाण वासाचा स्राव, किंवा दोन तास ओळीने तासाला दोन पॅड भिजतील इतका रक्तस्राव, यांपैकी काहीही झालं तर रात्र असली तरी निघा. घरचे 'सकाळी बघू' म्हणतील. थांबू नका.